साताऱ्यात घरासाठी गाडी घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात राहते आणि नोकरीसाठी रोज कऱ्हाडला जाते. जाताना पन्नासेक किलोमीटर, येताना तेवढेच. आमच्या घरची गाडी मी निवडली, नंतर बहिणीची, मग शेजारच्या काकांची. आता दसरा जवळ आला की फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

शोरूममध्ये जायच्या आधी घरात काय ठरवायचं?

मागच्या सीटवर कोण बसणार, हे. गाडी बघायला जातो तो बहुधा चालवणारा. तो स्टिअरिंगमागे बसतो, स्क्रीन बघतो आणि तिथेच त्याचं ठरतं. पण घरची गाडी म्हणजे मागे आजी, मधे नातू, डिकीत लग्नाच्या बॅगा. आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. फार उंच गाडीत त्यांना चढावं लागतं आणि फार बुटक्या गाडीतून उठावं लागतं. सीट साधारण मांडीच्या उंचीला असली की त्या आधी टेकतात, मग पाय आत घेतात. ही आमची पहिली अट होती आणि तिच्यामुळे यादीतल्या दोन गाड्या तिथेच गळाल्या.

दुसरं म्हणजे जागा. यादोगोपाळ पेठेसारख्या भागात बोळातून गाडी वळवायची असेल तर चार मीटरच्या आतली गाडीच बरी. करातही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर, तसंच तेवढ्याच लांबीच्या १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के.

‘पाच स्टार’ गाडी म्हणजे नक्की काय?

गाडी ठरावीक वेगाने अडथळ्यावर आदळवून आतल्या पुतळ्यांना किती इजा होते ते मोजतात. त्यावर हे तारे मिळतात. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली आणि त्या डिसेंबरमध्ये टाटाच्या हॅरियर आणि सफारी या पहिल्या गाड्यांना पाच तारे मिळाले. त्याआधी २०१४ पासून ग्लोबल एनकॅप ही संस्था भारतातल्या गाड्या तपासत होती. पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी म्हणजे २०१८ ची टाटा नेक्सॉन.

समोरची धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने देतात, तीही गाडीच्या रुंदीच्या ४० टक्के भागावर. आपल्या रस्त्यांवर ओव्हरटेक चुकला की होणारी धडक साधारण अशीच असते. शिवाय बाजूने ताशी ५० ची धडक आणि खांबावर ताशी २९ ची. तारे दोन वेगवेगळे मिळतात, मोठ्यांच्या सुरक्षेचे आणि मुलांच्या. शोरूममध्ये मोठ्यांचे तारे मोठ्या अक्षरात लावलेले असतात. मुलांचे आवर्जून विचारा.

या चाचणीबद्दल मी प्रत्येकाला थांबवून सांगते अशा काही गोष्टी आहेत.

तारे त्या पिढीच्या गाडीचे असतात, नावाचे नसतात. मारुतीच्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. ते आधीच्या पिढीच्या डिझायरला लागू होत नाहीत. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. वर्षही बघा, कारण ग्लोबल एनकॅपने जुलै २०२२ मध्ये नियम कडक केले. त्याआधीचे पाच तारे आणि नंतरचे पाच तारे यांचं वजन सारखं नाही.

पुढच्या सीटांवर मोठ्या माणसांचे पुतळे असतात, मागे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे. मागे बसलेल्या मोठ्या माणसाचं काय होतं, ते समोरच्या धडकेत मोजलं जात नाही. आजी किती सुरक्षित, हे तारे पूर्ण सांगत नाहीत. तिच्यासाठी मागच्या सीटचा बेल्ट आणि डोक्याचा टेका आपणच तपासायचा.

आणि ही चाचणी ऐच्छिक आहे. एखाद्या गाडीला तारेच नाहीत याचा अर्थ ती वाईट असा होत नाही, पण ती चांगली आहे हे कुणी दाखवून दिलेलंही नाही. माझ्या घरासाठी मी तपासलेलीच गाडी घेईन.

सहा एअरबॅग आहेत, मग काळजी कशाची?

एअरबॅग ही बेल्टची जोडीदार आहे. बेल्ट अंगाला धरून ठेवतो, तेव्हाच पुढे येणाऱ्या डोक्याला एअरबॅग योग्य अंतरावर भेटते. बेल्ट नसेल तर माणूस आधीच पुढे फेकला जातो आणि तीच फुगणारी पिशवी त्याच्या तोंडावर आपटते. गाडीचा सांगाडा धडकेत टिकला नाही तर एअरबॅग सहा असोत की दोन, पाय आणि छाती अडकतातच. म्हणून आधी तारे बघा, मग एअरबॅग मोजा.

एअरबॅगइतकीच मला महत्त्वाची वाटते ती ईएससी. ओल्या वळणावर गाडी घसरायला लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी रेषेत आणते. जुलैमध्ये केळघर किंवा पसरणी घाट उतरलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

मागे बसणाऱ्यांनी बेल्ट लावायलाच हवा का? आई ऐकत नाही.

लावायलाच हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे बेल्ट नसेल तर १००० रुपये दंड आहे. पण दंडाचं कारण सांगून आई ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. आमच्याकडे दुसऱ्या एका गोष्टीने काम झालं. मी सासूबाईंना सांगितलं, “आई, तुमचा बेल्ट नसला तर गाडी आदळल्यावर तुम्ही पुढच्या सीटवर, म्हणजे मुलाच्या पाठीवर जाऊन पडाल. सगळं वजन त्याच्या मानेवर येईल.” स्वतःसाठी त्या कधीच लावत नव्हत्या. मुलासाठी त्या दिवसापासून लावतात.

४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघरजवळ अपघातात मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, तरी.

गाडी बघताना मागे स्वतः बसा आणि तिन्ही बेल्ट ओढून बघा. मधल्या सीटलाही खांद्यावरून येणारा बेल्ट हवा. पुष्कळ जुन्या मॉडेलमध्ये मधे नुसता कमरपट्टा असतो. आणि सीट कव्हर बसवताना बेल्टची कुलपं कव्हरखाली गाडली जाणार नाहीत हे बघा. आपल्याकडे कित्येक गाड्यांत मागचे बेल्ट निकामी होतात ते नव्या कोऱ्या सीट कव्हरमुळे.

लहान मुलं मांडीवर घेतली तर चालत नाही का?

नाही. धडकेच्या क्षणी दहा किलोचं बाळ कुणाच्याही हातात राहत नाही. बाळासाठी चाइल्ड सीट घ्या आणि ती मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी लावा. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर अशी सीट कधीही लावू नका. साधारण साडेचार फूट उंची होईपर्यंत मुलाला मोठ्यांचा बेल्ट गळ्यावर येतो, तोवर बूस्टर सीट वापरा. गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे, हुक असतील तर सीट खटकन बसते आणि हलत नाही. शोरूममध्ये ते हुक बोटाने चाचपून बघा.

बेस मॉडेल घ्यावं की टॉप?

सुरक्षा ज्या मॉडेलपासून पूर्ण मिळते, ते. माहितीपत्रकाचं शेवटचं पान काढा. तिथे कोणत्या मॉडेलला काय मिळतं याचा तक्ता असतो. एअरबॅग, ईएससी, आयसोफिक्स, मागचा वायपर, मागच्या सीटचे टेके एवढ्या ओळी पेनाने अधोरेखित करा. सनरूफ आणि रंगीत दिवे पुढच्या पानावर राहू द्या. बहिणीच्या बाबतीत खालून दुसऱ्या मॉडेलमध्ये हे सगळं मिळालं. उरलेल्या पैशांत चाइल्ड सीट आणि चांगला विमा बसला.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी की इलेक्ट्रिक?

वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर होणार असतील तर पेट्रोल सोपं. डिझेलचा ओढा घाटात जाणवतो, पण बीएस-६ डिझेल गाडीत धूर गाळणारं फिल्टर असतं. ते स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. राजवाडा ते पोवई नाका एवढंच फिरणं असेल तर ते तुंबतं. माझ्यासारखं रोज महामार्गावर जाणाऱ्याला डिझेल चालतं.

सीएनजीचं ॲव्हरेज चांगलं, पण चढावर ताकद कमी पडते आणि एकच मोठी टाकी असेल तर डिकी जाते. अलीकडे काही गाड्यांत दोन लहान टाक्या खाली बसवतात, त्यात बॅगा मावतात. टाकीची हायड्रोटेस्ट, म्हणजे ती दाब सहन करते का याची तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. इलेक्ट्रिक गाडी घराखाली स्वतःचं चार्जिंग असेल तरच घ्या. कासचा चढ चढताना तिची बॅटरी भराभर उतरते, उतारावर काही परतही मिळते.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी?

शोरूमची गाडी बहुतेक वेळा सर्व्हिस रोडवरून नेतात आणि दहा मिनिटांत परत आणतात. सपाट, सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. तुम्ही यवतेश्वरचा घाट मागा, गोड बोलून पण ठामपणे. आणि एकटे जाऊ नका. घरातली चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा, मग चढा.

चढावर एका वळणाच्या आधी गाडी पूर्ण थांबवा आणि पुन्हा उचला. मागे किती सरकते ते बघा. एएमटी, म्हणजे क्लच नसलेली आणि गिअर आपोआप बदलणारी गाडी घेणार असाल तर हे करायलाच हवं. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावरही ती दोन-तीन सेकंद जागेवर थांबते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गुदमरतं का, गिअर सारखा वर-खाली करते का, मागे बसलेल्यांना मळमळतं का, हे सगळं याच रस्त्यावर कळतं. उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा. गाडी स्वतःला धरून ठेवते की सारखा ब्रेक दाबावा लागतो? सतत दाबून ब्रेक तापतात आणि घाटाच्या शेवटी, नेमके हवे तेव्हा, कमी लागतात. ऑटोमॅटिक गाडीत हाताने गिअर धरून ठेवायची सोय आहे का तेही तिथेच विचारा.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याच रस्त्याने कासला फुलांसाठी गर्दी जाते, तेव्हा सकाळी लवकरची आणि आडवारची वेळ घ्या.

जमलं तर संध्याकाळी अंधार पडल्यावर पुन्हा एकदा गाडी मागा. हे फार कमी लोक करतात. ऊस हंगामात आपल्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो. तुमच्या हेडलाईटचा प्रकाश किती लांब आणि किती रुंद पडतो, यावर ती ट्रॉली वेळेत दिसणार की नाही हे ठरतं. त्या अंतराचा आकडा माहितीपत्रकात सापडत नाही.

आणखी एक. आम्ही गेलो तेव्हा गाडी मी चालवणार होते, पण विक्रेता सगळं माझ्या नवऱ्याकडे बघून सांगत होता. नवऱ्याने त्याला थांबवून सांगितलं, “त्यांना सांगा, त्या चालवणार आहेत.” बायांनो, किल्ली आधी तुम्ही हातात घ्या. सीट तुमच्या उंचीला लावा, क्लच पूर्ण दाबून बघा, बॉनेटचं टोक दिसतं का बघा. चालवणारीला न जुळणारी गाडी सुरक्षित नसते.

साताऱ्यात घ्यावी की पुण्यात स्वस्त मिळते?

रस्ता कर राज्यभर सारखाच. पुण्यात कधी सूट थोडी जास्त मिळते. पण पुढची दहा वर्षं सर्व्हिसिंगला तुम्ही साताऱ्यातच जाणार. मी पुण्याचं कोटेशन लेखी मागवते आणि इथल्या मॅनेजरसमोर ठेवते. बऱ्याचदा फरक निम्म्यावर येतो. त्याच वेळी शोरूमच्या मागे वर्कशॉपमध्ये चक्कर मारा आणि सर्व्हिसिंगला आलेल्या दोन माणसांशी बोला. पुढच्या खोलीतल्या चहापेक्षा त्या गप्पा जास्त उपयोगी.

कोटेशनमध्ये काय तपासायचं?

प्रत्येक ओळ. ‘ऑन-रोड’ म्हणून एकच मोठा आकडा सांगितला तर तो सुटा करून लेखी मागा. वैयक्तिक नावावरच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के रस्ता कर आहे, डिझेलला १३. म्हणजे नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीला जवळपास एक लाख. किंमत वाढली की टक्केही वाढतात. नोंदणी फी ६०० रुपये आणि कर्ज असेल तर आरसीवर बोजा चढवायचे १५०० रुपये. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर, कापतात, तो आयकर विवरणपत्रात परत मिळवता येतो. पावती जपून ठेवा.

याखेरीज ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’ अशा नावाची ओळ दिसली तर ती सरकारी फी नाही. काढायला सांगा. ॲक्सेसरीचं पॅकेज, टेफ्लॉन कोटिंग, मॅट, काही घेणं बंधनकारक नाही. शेजारच्या काकांच्या कोटेशनमध्ये अशा ओळी मिळून बत्तीस हजार निघाले. काका संकोचाने गप्प होते. मी पानावर बोट ठेवून एकेक विचारली, तेव्हा चोवीस हजार कमी झाले. बुकिंगचे पैसे शोरूमच्या खात्यातच भरा, विक्रेत्याच्या मोबाइलवर नाही. आणि गाडी मिळायला उशीर झाला किंवा बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळणार, हे पावतीवर लिहून घ्या.

विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो का?

नाही. बाहेरून घेता येतो. तीन ठिकाणची दरपत्रकं मागा आणि तुलना करताना गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, सगळीकडे सारखी ठेवा. ती कमी लावून हप्ता स्वस्त दाखवतात. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो.

झिरो डेप, म्हणजे भागांचा घसारा न कापता भरपाई देणारी जोड, पहिली काही वर्षं घ्याच. त्याशिवाय बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे आपल्या खिशातून जातात. कृष्णाकाठी, कोयनाकाठी राहणाऱ्यांनी, कऱ्हाड-सांगलीकरांनी तर नक्की, इंजिन प्रोटेक्टही घ्यावं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. पाणी शिरलेलं इंजिन चालू करायचा प्रयत्न केला तर ते आतून मोडतं आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान धरत नाहीत. अशी गाडी चालू न करता टो करून न्या.

कर्ज किती वर्षांचं घ्यावं?

जमेल तेवढं कमी. आठ लाख रुपये ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण १६,६०० येतो आणि व्याज एक लाख ९६ हजार. सात वर्षं केली तर हप्ता १२,९०० च्या आत येतो, पण व्याज दोन लाख ८१ हजार होतं. ‘फ्लॅट’ शब्द ऐकला की सावध व्हा, कारण त्यात फेडलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज लावतात. पाच वर्षांसाठी ६ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास ११ टक्के. आपल्या बँकेत, सोसायटीत विचारल्याशिवाय शोरूममधल्या टेबलावर सही करू नका.

गुढीपाडव्याला गाडी घरी आणायची आहे. किती आधी जावं?

दीड-दोन महिने आधी. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि त्या घाईत तपासणी राहते. गाडीचं पासिंग व्हायच्या आधी एकदा दिवसाउजेडी जाऊन ती गाडी बघा. पासिंग झालं की ती तुमची झाली, मग बदलून मिळत नाही. चॅसिस नंबर कागदाशी ताडून बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कोणत्या महिन्यात बनली ते विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, असतं. डिसेंबरची गाडी पाडव्याला मिळत असेल तर ती मागच्या वर्षीची धरली जाते. विकताना किंमत पडते, तेव्हा तेवढी सूट मागा. दरवाजांचा रंग एकसारखा आहे का, स्टेपनी, जॅक, दोन्ही किल्ल्या आहेत का बघा.

नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. एमएच ११ ची हाय सिक्युरिटी प्लेट शोरूमनेच लावून द्यायची असते, फास्टॅगही.

गाडीत दोष निघाला आणि शोरूम दाद देत नसेल तर?

प्रत्येक भेटीचं जॉबकार्ड घ्या, त्यावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. मग कंपनीला ईमेल, त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथे चालते, वकील लागतोच असं नाही. कागद असेल तर सगळं सोपं जातं, नुसत्या फोनवरच्या बोलण्याचा पुरावा उरत नाही.

गाडी घरी आली. आता पहिलं काय करायचं?

पूजा झाली की सीटवरची प्लास्टिकं काढा, घरातल्या प्रत्येकाला आपापल्या जागेवर बसवा आणि बेल्ट लावायला-काढायला शिकवा. डोक्याचा टेका प्रत्येकाच्या कानांच्या पातळीला आणा. मग एका रविवारी, घाई नसताना, अंगणातच स्टेपनी स्वतः बदलून बघा. मी आणि माझ्या बारावीतल्या मुलीने बदलली, पहिल्या वेळी चाळीस मिनिटं लागली. गेल्या पावसाळ्यात उंब्रजजवळ टायर बसलं तेव्हा पंधरा.